दाढी वेगळी, फणी वेगळी

आधीच सांगून ठेवते, मला राग आलेला आहे आणि तो गाळून-बिळून मी सांगणार नाही. राग त्या सर्वेवाल्यावर आहे, शेजारच्या मंदाबाईवर आहे, ग्रामसभेत खी खी हसणाऱ्या माणसांवर आहे. आणि सगळ्यात जास्त राग आहे माझ्या सासूवर, वच्छलाबाई डोंगरवार हिच्यावर. तिच्या एका खोट्या वाक्यानं हे सगळं झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला?

मी रुपा. माहेर कोंढ्याचं, पवनी तालुक्यातलं. तिकडं सगळी सपाट शेतं, जंगल पाहायचं तर बसनं जावं लागतं. लग्न होऊन दिघोरीच्या पुढं, जंगलाच्या कडेला असलेल्या या टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर, आले त्याला पंधरा वर्षं झाली. बारावी शिकले आहे म्हणून लिहिताना मला-तुला येतं. राग चढला की मले-तुले बाहेर पडते, ते तसंच राहू द्या.

सासूला मी तोंडावर आत्या म्हणते आणि तुम्ही म्हणते. पाठीमागं ती. वय अडुसष्ट, हाडं सगळी मोजून घ्यावी अशी, आणि जीभ अशी की बैलानं कान पाडावेत. आमच्याकडं जंगलात निघणाऱ्या अळिंबीला सात्या म्हणतात. शहरातले लोक मशरूम म्हणतात आणि डब्यातलं पांढरं, बेचव काहीतरी खातात. सात्यांमधलं आत्याला जेवढं कळतं तेवढं या पट्ट्यात कोणालाच कळत नसेल. एकदा भैय्याजी, म्हणजे आमचे सरपंच, टोपलीभर सात्या घेऊन ऐटीत घरी चालले होते. आत्यानं दुरून पाहिलं, जवळ गेली, एक शब्द न बोलता त्यांच्या हातातली टोपली ओढली आणि नालीत उपडी केली. सगळ्या विषारी होत्या. घरातली सहा माणसं वाचली. पण भैय्याजींना आठवण आहे ती टोपली ओढल्याची. चार लोकांसमोर इज्जत गेली म्हणून दोन वर्षं ते आमच्याशी बोलले नाहीत.

आता मुद्द्याचं. आमच्या जंगलात दोन सात्या अशा आहेत की ज्यांना खालून दात असतात. बाकीच्या सात्या उलट्या करून पाहा, खाली पातळ पातळ पडदे दिसतील. या दोघींना पडदे नाहीत, दातच दात. एक दाढी आणि दुसरी फणी. न कळणाऱ्याला दोन्ही सारख्याच, पांढऱ्या आणि दातवाल्या. कळणाऱ्याला त्या वच्छलाबाई आणि मंदाबाई इतक्या वेगळ्या आहेत.

दाढी निघते उभ्या, जित्या, म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत. पोळा झाला की. एकच गोळा असतो आणि त्याला चार बोटं लांब दात सरळ खाली लोंबतात, म्हाताऱ्या बुवाच्या दाढीसारखे. पहिल्या दिवशी खाल्ली तर गोड, तिसऱ्या दिवशी पिवळी पडते आणि तोंड कडू करते. फणी उभ्या झाडावर कधीच निघत नाही. तिला लागतं पडलेलं खोड, तेही पाच-सात पावसाळे जागेवर कुजलेलं. ती निघते नवरात्रात, धान पोटरीला आला की. तिचा गोळा नसतो, तिला फांद्या फुटतात, आणि प्रत्येक फांदीच्या खालून नखाएवढे दात ओळीनं, फणीला असतात तसे. वाळवली तरी पांढरी राहते, कडू होत नाही. गुड्डीच्या वेळी, म्हणजे माझ्या दुसऱ्या पोरीच्या वेळी, माझ्या अंगातलं रक्त सगळं गेलं होतं. आत्यानं एकवीस दिवस मला फणीचं पाणी पाजलं. उठून बसायला लागल्यावर मी सहज विचारलं, आत्या, ही कुठं मिळते?

"कायले पायजे तुले?" ती म्हणाली. "बाळंतीन हाय तं बाळंतिनीसारखी राय."

पंधरा वर्षं हे असं. मी या घरात धानाची रोवणी केली, हिच्या पाठीला तेल चोळलं, हिच्या लेकाचा घुमेपणा सहन केला, पण फणीची जागा मला कळली नाही. कारण आमच्याकडं रीत आहे. सात्यांची जागा कोणाला सांगायची नाही. पोटच्या लेकीलाही नाही, लेक लग्न करून जाईल आणि जागा दुसऱ्या गावची होईल. जागा सुनेला द्यायची, तीही आपले पाय थकले की. त्याआधी नाही. आणि हंगामाबाहेर त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही, सारखं गेलं की पायवाट पडते आणि पायवाट चुगली करते. आत्या ही रीत देवासारखी पाळायची. नवरात्रात पहाटे निघायची, पहिल्यांदा उलट्या दिशेनं जायची, मंदाबाई पाठलाग करते का ते पाहायची आणि मग कुठंतरी वळायची. मंदाबाईनं तीस वर्षं पाठलाग केला. तिलाही सापडली नाही.

मागच्या वर्षी भादव्यात तो पोट्टा आला. भूपेंद्र नाव. गावातल्या झाडा-पाखरांची नोंदवही करायची असते, लोक जैवविविधता नोंदवही म्हणतात तिला, त्या कामाचा ठेका कोण्या संस्थेनं घेतला होता आणि हा त्यांचा माणूस. चौदा गावं, दहा दिवस. म्हणजे तुम्हीच हिशेब करा कसं काम होणार ते. समाजमंदिरात खुर्ची टाकून बसला, टॅब मांडीवर, आणि म्हणाला, ज्याच्याकडं जे असेल ते आणा. जंगलात एक पाऊल टाकलं नाही लेकानं. चपलेला चिखल लागेल ना!

बायका जमल्या. आत्यानं दाढी नेली होती, रस्त्याकडच्या मोहावरची. ती जागा सगळ्या गावाला माहीत, त्यामुळं दाखवायला काय जातं? पण तिच्या पिशवीत फणीचा एक वाळका तुकडा होता, कोण्या बाळंतिणीला द्यायला घेतलेला. दाढी काढताना तोही बाहेर पडला. भूपेंद्रनं उचलला.

"आजी, ही वेगळी आहे का?"

मंदाबाई दोन हातांवर बसलेली. तिचे कान असे टवकारले की मला लांबून दिसले. वेगळी म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, कुठं मिळते? आणि आत्यानं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "नाई बापा. थेच हाय. लहानपनी फणी रायते, मोठी झाली का दाढी होते."

मला माहीत होतं हे साफ खोटं आहे. माझ्या पोटात एकवीस दिवस फणीचं पाणी गेलेलं होतं. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं. सासूला चारचौघांत खोटं कसं पाडायचं म्हणून गप्प बसले, म्हणून सांगते, रागाच्या यादीत मी पण आहे. भूपेंद्रनं टपटप लिहून घेतलं. मोबाइलवर आत्याचं बोलणं पुन्हा एकदा वदवून त्याचा व्हिडिओ काढला, अंगठा घेतला आणि उठला. दोन जातींची एक जात झाली. पाच मिनिटं लागली असतील.

घरी येऊन आत्या पदर तोंडाला लावून हसली. "कसं गुंडाळलं पोट्ट्याले! अन् मंदीचं तोंड पायलं का? आंबाडीवानी झालं होतं." मीही हसले. हसले, खरंच सांगते.

आता बोडीबद्दल सांगते. बोडी म्हणजे शेताला पाणी पुरवणारं लहान तळं. आमच्या बोडीच्या मागं जंगल सुरू होतं आणि गेल्या चाळीस वर्षांत वादळा-वादळात तिथली मोठी मोठी झाडं आडवी होत आली. येन, बेहडा, मोह. ती तशीच पडून होती. या उन्हाळ्यात चार माणसं रंगाचे डबे घेऊन आली, खोडांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकून गेली. मी जातीच्या दाखल्यासाठी पंचायतीत गेले तेव्हा फळ्यावर कागद दिसला: बोडीमागील पडीक लाकूड, नग छप्पन्न, पावसाळा उघडल्यावर उचल होणार. खाली लिहिलेलं, नोंदवही तपासली, सदर ठिकाणी दुर्मीळ काही नाही, समितीची हरकत नाही. सही भैय्याजींची.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पडलेलं लाकूड आहे, नेतील. घरी येऊन बोलता बोलता सांगितलं. आत्या अंगणात सूप घेऊन लाखोरीची डाळ पाखडत होती. तिचा हात थांबला.

"बोडीमांगची?"

"हो."

"सारी?"

"छप्पन्न."

सूप तिच्या हातातून सुटलं, लाखोरी अंगणभर झाली, आणि मला पंधरा वर्षांनंतर कळलं की फणीची जागा कुठं आहे. न सांगता कळलं. आनंद व्हायला पाहिजे होता, पण आत्याचं तोंड पाहून मी मुकाट लाखोरी गोळा करायला बसले. त्या बाजूला दुसरीकडं कुठं इतकी जुनी पडलेली झाडं नाहीत. बोडीमागची लाकडं गेली की फणी गेली. मग माझ्या गुड्डीच्या बाळंतपणाला तिच्या तोंडात काय घालायचं, कारखान्याची गोळी?

ती तशीच उठली, पंचायतीत गेली. भैय्याजींनी नोंदवही काढली, बोट ठेवून वाचून दाखवलं. "काटेरी अळिंबी. एक प्रकार. उभ्या मोहावर आढळते. रस्त्याकडचा मोह सुरक्षित. आता बोल, वच्छलाबाई. तुहाच अंगठा हाय."

"थे चूक हाय."

"चूक कोनाची?"

ती तशीच माघारी फिरली. घरी येऊन दोन दिवस चुलीशी भांडत बसली. मी विचारलं, आत्या, जाऊन खरं का सांगत नाही? तर माझ्यावरच वस्सकन् आली, "जागा सांगू का साऱ्याइले? तुह्या माहेरी असन तशी रीत!" मी म्हटलं, जागाच राहणार नाही तर रीत काय वाळवून ठेवता का? तीन दिवस आम्ही बोललो नाही. टिकाराम, माझा नवरा, दोघींच्या मधून मांजरासारखा भिंतीला अंग घासत यायचा-जायचा. या माणसानं आयुष्यात कोणाची बाजू घेतली असेल तर शपथ.

चौथ्या दिवशी मी माझ्या डोक्यात आलं ते केलं. गुड्डीच्या शाळेतल्या मॅडमची एक मैत्रीण नागपूरला बुरशीचा अभ्यास करते, हर्षाताई. तिला फोन लावला. दोन्हींचे वाळके तुकडे एकमेकांशेजारी ठेवून फोटो पाठवला. पाच मिनिटांत तिचा उलट फोन. "रुपाताई, या दोन आहेत. बहिणी आहेत, पण दोन आहेत. हे एक कोणी लिहिलं?" मी म्हटलं, ते तुम्ही इथं आलात की सांगते.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होती. झेंडा झाला, मुलांना बुंदी वाटली, मग सभा. जंगलाचे साहेब आले होते, हर्षाताई आली होती. मी उभी राहिले आणि विषय काढला. भैय्याजींनी लगेच मोबाइल काढला आणि तो व्हिडिओ लावला, आवाज मोठा करून. साऱ्या सभेनं ऐकलं. लहानपनी फणी रायते, मोठी झाली का दाढी होते. लोक हसले. अरे, हसता कशाला? तुमच्याच जंगलातली वस्तू चालली आहे! मंदाबाई सगळ्यात मोठ्यानं हसली.

आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, दोन वेळा प्रयत्न करावा लागला. हसणं थांबेपर्यंत उभी राहिली.

"मी खोटं बोलली," ती म्हणाली. "थ्या मंदीच्या भेवानं बोलली. फणी येगळी हाय, दाढी येगळी हाय. फणी बोडीमांगं निघते. नाल्याकडच्या बाजूनं. ऐकलं का मंदे? नाल्याकडच्या बाजूनं. जाय आता!"

तीस वर्षं दाबून ठेवलेलं तिनं लाउडस्पीकरवर सांगून टाकलं.

साहेब माणूस तसा वाईट नव्हता. म्हणाला, "आजी, तेव्हा एक म्हणालात, आता दोन म्हणता. मी कशावर विश्वास ठेवू?" आत्यानं कमरेची पिशवी काढली. चहासाठी आधण ठेवलंच होतं. तिनं दोन वाट्या मागवल्या, एकीत दाढीचा वाळका तुकडा टाकला, दुसरीत फणीचा, वरून उकळतं पाणी ओतलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. "पा," म्हणाली.

थोड्या वेळानं दाढीचं पाणी तपकिरी झालं आणि तिचे लांब दात एकमेकांना चिकटून लगदा झाला. दुसऱ्या वाटीत फणी उघडली. हळूहळू एकेक फांदी सुटी झाली आणि प्रत्येक फांदीखाली दात ओळीत उभे राहिले, आताच झाडावरून काढल्यासारखे. हर्षाताईनं दोन्ही वाट्या साहेबांपुढं धरल्या. "हे वयानं होत नाही, सर. हिचे दात सगळे एका गोळ्यातून येतात, हिचे फांदीफांदीखालून. लहानाचं मोठं झालं म्हणून हाडांची मांडणी बदलत नाही. दोन्ही कमी होत चालल्यात. पण पहिली उभ्या झाडावर तग तरी धरेल. दुसरीला पडलेलं, जुनं खोड नसेल तर ती संपली. आणि नोंदवहीत ती नाहीच." मग आत्या भैय्याजींना म्हणाली, पानी चाखा. त्यांनी चाखलं, पहिली वाटी तोंडाला लावून थूः केलं, दुसरी सगळी पिऊन टाकली.

साहेबांनी विचारलं, ज्या खोडांवर निघते ते नंबर सांगा, अहवाल येईपर्यंत तेवढी थांबवतो. आत्यानं तीन खोडं वर्णन करून सांगितली, आमच्या पोरांनी जाऊन नंबर पाहिले. बारा, तेरा आणि एकोणीस. तेवढी तीन सुटली. बाकीची दसऱ्यापासून उचलायची ठरलं. घरी येताना मला वाटलं, जिंकलो बापा.

कशाचं जिंकलो. नवरात्राच्या सातव्या दिवशी आत्या पहाटे गेली आणि तासाभरात परत आली, रिकाम्या टोपलीनं. तोंड काळंठिक्कर. बाराव्या, तेराव्या, एकोणिसाव्या खोडावरची फणी कोणीतरी आदल्या दिवशीच नेली होती. नेली तर नेली, विळ्यानं सालीसकट खरडून नेली होती. बुड ठेवलं नाही, कोवळी ठेवली नाही. लाकूड पांढरं पडलं होतं.

मग गावाच्या मधोमध उभं राहून तिनं जे तोंड सोडलं, ते मी लिहू शकत नाही. मंदाबाईच्या सात पिढ्या वर आल्या. मंदाबाईही काही घरात बसणारी नाही, कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"हव, मी नेली! एकली नाई, आठ जनी होतो. तीस वर्सं तुह्या घरी शिजली, आमाले निस्ता वास आला. माह्या सुनेच्या येळेस मी तुह्या दारात येऊन उभी रायली होती. मूठभर मांगतली. का म्हनली तू? संपली म्हनली. संपली होती का?"

मंदाबाई आणखी दोन पावलं पुढं आली.

"अन् बुड ठेवाचं म्हन्ते! आमाले कोनं सांगतलं बुड ठेवाचं? तुनं शिकवलं का कधी? जागाबी दाबली अन् अक्कलबी दाबली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मंदाबाईला झिंज्या धरून ओढावं असं वाटत होतं. आणि त्यातच डोक्यात हेही आलं की ही बाई खरं बोलते आहे. तिची सून वाचली, पण ते लेकरू अशक्तच राहिलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी आत्याचा हात धरून तिला घरात आणलं. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार फिटायच्या आत ती माझ्या उशाशी. "चाल."

"कुठं?"

"चाल म्हटलं तं चाल. विळा घे."

पहिल्यांदा उलट्या दिशेनं. मग बोडीच्या पाळीवरून, नाल्याच्या पलीकडं. तिचे गुडघे कुरकुर वाजत होते, दोन ठिकाणी मी तिला उचलूनच पार केलं. करवंदाच्या जाळीमागं एक खोलगट जागा होती आणि तिथं येनाचं एक अवाढव्य खोड आडवं पडलेलं. मी पाहतच राहिले. खोडाच्या खालच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फणी. पांढरीशुभ्र. फांद्यांवर फांद्या, आणि खाली दात असे बारीक की फुंकर मारली तरी हलतील. एवढी फणी मी जन्मात पाहिली नव्हती.

"आत्या, ही चौथी जागा?"

"हव."

"सभेत का नाही सांगितली?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मी येडी आहे. "साऱ्या जागा कोन सांगते वो?"

तिनं माझ्या हातात विळा दिला आणि कसं कापायचं ते दाखवलं. दोन बोटं बुड सोडायचं. बोटभर लांबीची कोवळी आहे तिला हात लावायचा नाही. खोडाची साल दुखवायची नाही. एका खोडावरून तीन भागांतला एकच भाग न्यायचा. मी कापत कापत खोडाच्या बुंध्याकडं गेले आणि तिथं मला पांढरा रंग दिसला. पहिल्यांदा वाटलं फणीच आहे. हात लावला तर रंग.

एक्केचाळीस.

"आत्या!" मी ओरडले. "यावर नंबर आहे!"

ती खुरडत आली. पाहिलं. हंगामाबाहेर ती इथं फिरकत नाही ना, मग उन्हाळ्यात नंबर पडला हे तिला कुठून कळणार? सभेत तीन खोडं सुटली, हे सुटलं नाही, कारण या बाईनं ते सांगितलंच नव्हतं. मग माझं डोकं फिरलं. पंधरा वर्षांत सासूवर आवाज चढवला नव्हता, तो सगळा त्या जंगलात काढला. "काहून केलं असं? काहून? एकदा खोटं बोलून पोट नाई भरलं का तुमचं? साहेब समोर बसला होता, हर्षाताई होती, तोंड उघडून चार नंबर सांगता आले असते! परवा दसरा हाय! परवा ट्रक येऊन राहिला अन् तुमी इथं रीत पाळून राहिल्या!"

ती खोडाशेजारी खाली बसली. ती उलट बोलली नाही याचा मला जास्त राग आला.

मी टेकाडावर चढले, रेंज पकडली, हर्षाताईला फोन लावला. ती म्हणाली, "आत्ता फोटो पाठवा, नंबर पाठवा, जागा पाठवा. माहिती देणाऱ्याचं नाव पाठवा. मी आजच कळवते, थांबवतील. पण रुपाताई, हे नोंदवहीत जाईल. पंचायतीत वाचून दाखवतील." मी खाली आले आणि आत्याला तसंच सांगितलं. लिहिलं तर मंदाबाईला कळणार आणि आठ जणी विळे घेऊन येणार. नाही लिहिलं तर परवा ट्रक. तुम्हीच सांगा काय करू.

तिनं फणीवर पडलेलं एक वाळकं पान उचलून फेकलं. मग म्हणाली, "लिही."

"लिहू?"

"लिही म्हटलं ना. येगळी लिही. दाढीच्या ओळीत नको कोंबू." मग नाक शिंकरून म्हणाली, "अन् उद्या थ्या मंदीले इथं घेऊन ये. मीच शिकवीन बुड ठेवाचं. नाईतर थे भवानी हेबी खरडून नेईन."

मी फोटो काढले, खालून दातांचे, बुंध्यावरच्या नंबराचे. मग फोनवर टाइप करायला घेतलं. नाव: फणीसात्या. जागा: नाल्यापलीकडं, येनाचं खोड, नंबर एक्केचाळीस. माहिती देणाऱ्याचं नाव. तिथं मी वच्छलाबाई असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"माहं कायले?" ती खेकसली. "माहं नाव खोट्या ओळीत हाय. तुहं टाक."

"आत्या, जागा तुमची आहे."

"पाय पायले का माहे? येतानी कोनं उचलून आनलं मले?" तिनं काठी माझ्या अंगावर उगारली. "थकले पाय. जागा तुही हाय आता. टाक नाव. अन् निस्तं रुपा नको टाकू, पुरं टाक. ट्रकवाल्यालेबी समजू दे कोनाशी गाठ हाय थे."

मी पूर्ण नाव टाकलं. रुपा टिकाराम डोंगरवार.